राडा नसला तरी लिहीत जा

वारंगा फाटा, ता. कळमनुरी

चि. पिंकीस,


तुझी नोकरी लागल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. आपल्या घरची लेक मुंबईच्या पेपरात नाटकांवर अन् स्टँडअपवर लिहिणार, हे गल्ल्यावर बसल्या बसल्या किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल! इकडं सगळं ठीक. हळद शिजवून वाळत घातलीय, वसमतच्या बाजारातला भाव बघून विकू. नांदेडहून हिंगोलीकडं जाणाऱ्या गाड्या खिचडीसाठी थांबतातच.

पण पोरी, एका गोष्टीची काळजी वाटते म्हणून लिहितो. स्टँडअपची बातमी आमच्यापर्यंत कधी येते? राडा झाला की. 2025च्या फेब्रुवारीत सोलापुरात स्टँडअप करणाऱ्या प्रणित मोरेला कार्यक्रमानंतर फोटोच्या निमित्तानं आलेल्या टोळक्यानं मारलं. राग कशाचा, तर वीर पहारिया या नटावर केलेल्या विनोदाचा. त्या नटानं आपला संबंध नाही म्हणत दिलगिरीही व्यक्त केली. हे सगळं छापून आलं. त्या रात्रीचा कार्यक्रम कसा रंगला, लोक कुठं हसले, कुठं गप्प बसले, हे मात्र मला कुठंच वाचायला मिळालं नाही.

पुढच्याच महिन्यात स्टँडअपवाल्या कुणाल कामराचं गाणं गाजलं. एकनाथ शिंदे यांचं नाव न घेता केलेलं विडंबन होतं ते. तो कार्यक्रम जिथं झाला होता, त्या मुंबईतल्या खारच्या हॅबिटॅटची 23 मार्चच्या रात्री तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी पालिकेचा हातोडा पोचला. तेव्हा आपल्या हॉटेलात दोन टेबलांची चांगलीच जुंपली होती. मी विचारलं, ‘बाबांनो, पूर्ण कार्यक्रम बघितला का कुणी?’ एकानंही नाही! मोबाइलवर आलेल्या तुकड्यावर सगळे वकील झाले होते.

म्हणून सांगतो बाळा, शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ तुझी आई अन् मी नांदेडला बघितलं होतं. एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा! त्यातल्या एकाच पात्राचं एकच वाक्य उचललं असतं, तर खेड्यातल्या माणसांची टिंगल केली असं कुणालाही म्हणता आलं असतं. सगळं बघितल्यावर कळायचं, की हा गडी आपलाच आहे अन् आपल्यावर जीव लावून हसतोय.

तू लिहिशील तेव्हा शेवटपर्यंत बसून बघ. विनोदाचा शेवटचा टोला छापून टाकू नको, पुढच्या प्रेक्षकाची मजा जाते. ओपन माइकवर पोरं कच्चा माल तपासायला येतात. त्यावर पक्का निकाल देऊ नको. कुणावर हसलं जातंय तेही बघ. खुर्चीवरच्या माणसावर हसणं वेगळं, पायाखालच्यावर हसणं वेगळं. विनोद फालतू असेल तर फालतू म्हण, ओळखीपाळखीला भिऊ नको. पण विनोद वाईट असणं अन् माणसाला मारणं, या दोन गोष्टी एका वाक्यात तोलू नको. अन् तक्रारीत जे लिहिलंय ते घडलंच, असं धरून चालू नको. इंदूरला 1 जानेवारी 2021ला स्टँडअपवाल्या मुनव्वर फारुकीला अशाच तक्रारीवरून धरलं, तो महिनाभर आत राहिला. सुप्रीम कोर्टानं जामीन दिला तेव्हा सुटला. मथळा घाईनं लिहिला की माणसाचं आयुष्य अडकतं, एवढं ध्यानात ठेव.

रात्री कार्यक्रम उशिरा सुटतात म्हणे. एकटी फिरू नको, सोबतीला कुणी बघत जा. डबा वेळेवर खा. मामी तुझ्यासाठी लोणचं बांधून ठेवतेय, ताईकडं पाठवतो.

शेवटचं सांगतो. दंगा झाल्यावर लिहायला सगळेच धावतात. जिथं शे-दीडशे माणसं नुसती हसून घरी गेली, त्या रात्रीबद्दलही तू लिहीत जा. लोकांना कार्यक्रम वाचायची सवय लागली, तर तुकड्यावरून भडकणारे थोडे तरी कमी होतील.

तुझा,
दिलीपमामा