मित्र की ड्यूटी?

आजचं वाचन : १ करिंथ, अध्याय ३.

करिंथच्या मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचं नाव घेऊन बसलं होतं, कोणी अपुल्लोसाचं. पौल त्यांना सांगतो, रोप लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढवणारा देव.

आम्हा मिशनरींचं आयुष्य तसंच. दर ६ आठवड्यांनी बदल्या येतात. कधी एरिया बदलतो, कधी जोडीदार. माझी आता हैदराबादहून विशाखापट्टणमला. सामान दोन बॅगांत मावतं, त्याचं काही नाही.

पण इथे माझ्याच वयाचा एक मुलगा आमच्याकडे शिकतोय. त्याचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात, मी नसताना. त्याने सरळच विचारलं, "ब्रदर, तू मित्र म्हणून यायचास की ड्यूटी म्हणून?"

मित्रांनो, खरं सांगू? हा अध्याय निघणाऱ्याला फार सोयीचा पडतो. बॅग भरायची, बाकी देवावर! पौल मात्र करिंथात दीड वर्ष राहिला, आणि गेल्यावरही पत्रं लिहीत राहिला. रागावून, रडूनसुद्धा. नुसत्या ड्यूटीवरचा माणूस कशाला रडेल?

मी त्याला म्हटलं, भेटलो ड्यूटीमुळेच. पुढचं काही ड्यूटीत येत नव्हतं. तो हसला, पण पटलं का, कोण जाणे.

साडेदहाला दिवे बंद. त्याआधी नव्या एल्डरसाठी नोंदी लिहायच्यात. कुठले धडे झाले ते आहेच. शिवाय हे : मंगळवारी तो आईला डायलिसिसला नेतो. त्या दिवशी धडा नको, फक्त फोन कर.