दुपारी दोनची गाडी

सांगलीच्या एका आजोबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. नोकरी सगळी एसटीत झालेली, त्यातली शेवटची वर्षं स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. मुलं तिन्ही अमेरिकेत. ताई न्यू जर्सीत एडिसनला, दादा डॅलसला, धाकटा सिएटलला. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी ताईकडे आले, तेव्हा तिघांनी मिळून ठरवलं की बाबांचा वाढदिवस फ्लोरिडात, ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये करायचा. माणसं दहा. सगळ्यात थोरले आजोबा आणि सगळ्यात धाकटा दादाचा अडीच वर्षांचा मुलगा. त्याला प्रवेशाचं तिकीट नव्हतं, कारण तिथं तीन वर्षांखालच्यांना ते लागत नाही. या एका बचतीचा दादाला फार आनंद झाला होता.

शाळांच्या सुट्ट्या बघून जुलै ठरला, विमानाची तिकिटं निघाली. हॉटेल काही ठरेना.

ते ठरणं सोपंही नाही. डिस्ने वर्ल्ड म्हणजे फाटकातून आत शिरायचं आणि संध्याकाळी बाहेर पडायचं अशी एक बाग नव्हे. साधारण शंभर चौरस किलोमीटरचा तो मुलूख आहे. मॅजिक किंग्डम १९७१ साली उघडलं, मग १९८२ ला एपकॉट, १९८९ ला आज ज्याला हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ ला अ‍ॅनिमल किंग्डम. अशी चार पार्क, एकमेकांपासून मैलोन्‌मैल लांब. मध्ये तळी, जंगल, रस्ते, आणि डिस्नेचीच वीसहून जास्त हॉटेलं. हद्दीबाहेर किसिमीच्या बाजूला भाड्याचे बंगले आहेत ते वेगळेच.

दादाला बंगला हवा होता. पाच बेडरूम, मागं पोहण्याचा तलाव, मोठं स्वयंपाकघर. त्यानं तक्ता केला होता, माणशी एका रात्रीचा खर्च काढून. त्या आकड्यापुढं बोलायला जागाच नव्हती. "आईला सकाळी स्वतःचा चहा लागतो, बाबांना भात. तिथं सगळे एका छपराखाली राहू," तो म्हणाला. यावर त्याची बायको शांतपणे म्हणाली, "दहा माणसांचा भात कोण लावणार, तेही लिहा ना त्या तक्त्यात." दादानं तो रकाना केला नाही.

ताईचं मन अ‍ॅनिमल किंग्डम लॉजवर जडलं होतं. खोलीच्या सज्जाखाली माळरान, त्यावर जिराफ आणि झेब्रे चरताहेत. तिथल्या सना नावाच्या उपाहारगृहात आफ्रिकी जेवणाला हिंदुस्थानी मसाल्यांची जोड असते, तंदूरमधले नान मिळतात. "आईनं सकाळी पडदा सरकवला की समोर जिराफ! आणखी काय पाहिजे?" असं ती प्रत्येक फोनवर म्हणायची. (लिहिणाऱ्याचं मत विचाराल तर जिराफ ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ताईची बाजू तक्त्यात मावत नव्हती म्हणून ती हलकी ठरत नाही.)

धाकट्याला कंटेंपररी हवं होतं. मॅजिक किंग्डमबरोबर १९७१ सालीच उघडलेलं हे हॉटेल इंग्रजी ए अक्षरासारखं दिसतं, आणि त्याच्या पोटातून मोनोरेल जाते. त्या मनोऱ्यातल्या खोल्या पोलादी सांगाड्याच्या. बाहेर तयार करून क्रेननं उचलून जागेवर बसवलेल्या. आतल्या उंच भिंतीवर मेरी ब्लेअर या चित्रकर्तीनं केलेलं फरशांचं भलंमोठं चित्र आहे, त्यात एका बकरीला मुद्दाम पाच पाय काढलेत. धाकटा इंजिनिअर. त्याला पोलाद आणि बकरी दोन्ही सांगायची होती, पण भाडं सांगितल्यावर पुढचं कुणी ऐकलंच नाही. तीन खोल्यांचं एका रात्रीचं भाडं बंगल्याच्या आठवड्याच्या भाड्याला जवळजवळ भिडत होतं.

मग प्रत्येक जण आईला आपल्या बाजूला ओढू लागला. आई प्रत्येकाला एकच सांगायची, "मला काय, कुठंही चालेल." आपल्याकडच्या आयांचं हे उत्तर कुणाच्याच पारड्यात टाकायचं नसतं. पण तिघांनीही ते आपापल्या पारड्यात टाकलं आणि भांडण होतं तिथंच राहिलं.

एका रविवारी तिघंही व्हिडिओ कॉलवर असताना आजोबा ताईच्या मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "मला एवढंच सांगा. दुपारी दोन वाजता आपल्यातला एक जण थकला, तर परत किती जणांना फिरावं लागेल?"

कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. जो तो रात्रीच्या पलंगाचा नाहीतर सकाळच्या पडद्याचा विचार करून बसला होता. दुपार कुणी मोजलीच नव्हती.

दादा प्रामाणिक होता. त्यानं नकाशा उघडला आणि बोलता बोलता त्याचाच आवाज उतरत गेला. मॅजिक किंग्डमला स्वतःच्या गाडीनं गेलं तरी गाडी दारापाशी लागत नाही. वाहनतळ सरोवराच्या पलीकडे आहे. म्हणजे पार्कातून बाहेर या, फेरीबोट किंवा मोनोरेल पकडून पाणी ओलांडा, मग गाडी शोधा, मग किसिमी. तास सहज गेला. "आणि व्हॅन एकच," तो म्हणाला. "एक थकला तर दहाही जण परत. नाहीतर चालवणाऱ्यानं सोडून पुन्हा यायचं."

ताई म्हणाली, लॉजला बस आहे, दाराजवळूनच सुटते. पण ती यायला वीस मिनिटं लागू शकतात, मग वाटेत तेवढीच. झोपेला आलेलं मूल मांडीवर, बाबागाडी घडी करून हातात.

धाकटा म्हणाला, "कंटेंपररीतून चालत दहा-पंधरा मिनिटं. पायवाट आहे."

"आणि ती मोनोरेल?" आजोबांनी विचारलं. "थांबे सांग क्रमानं."

धाकट्यानं सांगितले. पार्कातून निघाली की पहिला थांबा कंटेंपररी, मग सरोवराकाठचं वाहतूक केंद्र, मग पॉलिनेशियन, मग ग्रँड फ्लोरिडियन, आणि पुन्हा पार्क.

आजोबांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे सकाळी गाडीत बसलो तर सगळा वळसा. जाताना पायी जायचं, येताना गाडीनं. पहिलाच थांबा आपला."

ताईची नऊ वर्षांची मुलगी एवढा वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. आजोबांचा प्रश्न तिनं शाळेतल्या गृहपाठासारखा घेतला होता. तिनं वाचून दाखवलं. दुपारी दोनला बाळ झोपतो. आजोबा झोपतात. आजीचा गुडघा दुखतो, पण ती सांगत नाही. मामीला कॉफी लागते. दादाला (म्हणजे तिच्या पंधरा वर्षांच्या भावाला) स्पेस माउंटनवर जायचं आहे, आणि सगळ्यांबरोबर जायचं नाहीये. मला दादाबरोबर जायचं आहे.

"गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं?" आजी म्हणाली.

"जिना उतरताना तू कठडा दोन्ही हातांनी धरतेस."

त्या यादीनं मोठ्यांच्या नजरेतून निसटलेलं एक दाखवून दिलं. सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात लहान यांचं घड्याळ एकच होतं. मधल्या वयाच्यांचं मात्र कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं.

तेव्हा आजोबा बोलले. एरवी ते इतकं बोलत नसत. "आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या सोडायचो आम्ही. स्थानकावर मुंगी शिरायला जागा नसायची. पण भांडणं गर्दीनं होत नाहीत. पुढची गाडी कधी हे कळलं नाही की होतात. पुढची दहा मिनिटांत आहे म्हटलं की म्हातारा माणूस खाली बसतो, पोरं हुंदडतात, बायका गप्पा मारतात. गाडी एकच आणि तीही शेवटची म्हटलं की सख्खा भाऊ भावाला ढकलतो. दहा जणांना एकत्र ठेवायचं असेल तर ज्याला जायचंय त्याला जाता आलं पाहिजे, आणि राहायचंय त्याला राहता आलं पाहिजे. मुक्काम असा बघा."

"पण पैसे, बाबा?" दादा म्हणाला.

"पैसे तेवढेच. रात्री कमी करा."

हे मात्र सगळ्यांच्याच जिवावर आलं. सहा रात्रींच्या तीन झाल्या. त्याही कंटेंपररीच्या मनोऱ्यात नाही, तर शेजारच्या बैठ्या गार्डन विंगमध्ये, जिथलं भाडं थोडं उतरतं आणि मोनोरेलपर्यंत थोडं चालावं लागतं. चार पार्कांतून तीन गळली, उरलं मॅजिक किंग्डम. "फ्लोरिडापर्यंत जाऊन एकच पार्क? लोक काय म्हणतील?" ताईच्या नवऱ्याला राहवलं नाही. ताई जिराफांसाठी दोन दिवस गप्प होती. दादानं तक्त्यातला माणशी खर्च बघितला आणि फाईल बंद केली. धाकट्याचं हॉटेल निवडलं गेलं, तरी त्याला जिंकल्यासारखं वाटलं नाही, कारण बकरीबद्दल अजूनही कुणी विचारलं नव्हतं.

जुलैत फ्लोरिडा तापतं आणि दुपारी वळवासारखं भरून येतं. पहिल्याच दिवशी तसं झालं. हॉटेलात उतरलेल्यांना पार्क अर्धा तास आधी उघडतं, त्यामुळं सकाळी गर्दी जमायच्या आत मुलांच्या दोन-तीन राइड झाल्या होत्या. आजीसाठी दारातच चाकाची खुर्ची भाड्यानं घेतली. ती घ्यायला आजीनं बरीच खळखळ केली आणि बसल्यावर एकदाही उठली नाही. दीडच्या सुमाराला बाळ भुईवर लोळू लागला. त्याच वेळी आजोबा एका बाकावर बसले आणि त्यांची मान खाली आली. आकाश काळं झालं.

शेजारी एक दुसरं कुटुंब होतं, तेही आजी-आजोबांसकट. कुठल्या देशातलं ते कळलं नाही, पण भाषा न कळताही भांडण कळत होतं. एका बाईच्या कडेवर रडून लाल झालेलं मूल होतं, तिचा नवरा घड्याळ दाखवत होता. म्हातारे दोघं आपल्यामुळं सगळ्यांचा विरस झाला अशा चेहऱ्यानं पायांकडे बघत बसले होते. दादानं ते बघितलं आणि मुकाट्यानं बाळाला खांद्यावर घेतलं.

दादा, बाळ आणि आजोबा मोनोरेलनं निघाले. वीज चमकायला लागण्याआधी ते खोलीत होते. दादाची बायको कॉफी घेऊन मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या छपराखाली एकटी बसली आणि तिनं कुणालाही फोन केला नाही. पंधरा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला घेऊन स्पेस माउंटनच्या रांगेत गेला. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलाला तिथं मोठ्यांशिवाय फिरता येतं, आणि बहिणीची उंची त्या राइडला लागणाऱ्या ४४ इंचांच्या वर होती. ताई आणि तिचा नवरा कुठंतरी गेले. कुठं ते त्यांनी नंतरही सांगितलं नाही.

धाकट्यानं आजीला पीपलमूव्हरवर नेलं. सरकत्या पट्ट्यावरून चढायचं, मग उघड्या डब्यात बसून छपरांच्या उंचीवरून दहा मिनिटं सावकाश फिरायचं. ना उडी, ना किंचाळी. वाटेत तो डबा स्पेस माउंटनच्या अंधारातून जातो. तिथं वरून कुठून तरी पोरांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. "त्यातली आपली कोणती?" आजीनं विचारलं. खाली उतरल्यावर तिनं खुर्चीकडे बघितलंच नाही, पुन्हा पट्ट्यावर जाऊन उभी राहिली.

साडेपाचला आजोबा आणि बाळ, दोघंही झोपून ताजेतवाने, पायवाटेनं परत आले. सगळे दहा जण पार्कातल्या किल्ल्यासमोर भेटले. रात्रीची आतषबाजी दहाही जणांनी पाहिली. संपल्यावर हजारो लोक बस आणि बोटींकडे लोटले. पोरं पेंगुळली होती, ताईचे पाय बोलत होते.

"चला," दादा म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," आजी म्हणाली. "पार्क बंद व्हायला अजून अर्धा तास आहे. ती छपरावरची गाडी मला एकदा रात्रीची बघायचीय. मी येते मागनं."

"एकटी? आई, रात्रीची, एवढ्या गर्दीत?"

दादा बाबांकडे बघायला लागला. आजोबांनी बाळाची टोपी सारखी केली आणि ते चालायला लागले.

"येईल की," ते म्हणाले. "पहिलाच थांबा आपला आहे."