निखळलेली पायरी

माहूरच्या एसटी स्टँडवर सकाळी गाड्या लागल्या की दोन प्रकारची माणसे उतरतात. एक गडावर जाणारी. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया असा त्यांचा दिवस ठरलेला असतो. दुसऱ्या वाई बाजार, सिंदखेड, वानोळ्याकडून शिकायला आलेल्या मुली. कुणी तांड्यावरची, कुणी गोंड-कोलाम वस्तीतली, कुणी कापूस पिकवणाऱ्या घरातली. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांचा पास मोफत असतो. पुढे सवलत मिळते, पण पदरचे पैसे घालावे लागतात. म्हणजे बारावीनंतरही ज्या मुली या गाडीतून उतरतात, त्यांच्यासाठी घरात कुणीतरी आधीच भांडलेले असते. बहुतेकदा त्या स्वतःच.

माहूर तालुका किनवट विधानसभा मतदारसंघात येतो आणि लोकसभेला हिंगोलीत. या मुलींपैकी एखादी उद्या हिंगोलीची खासदार होऊ शकेल का? प्रश्न भाबडा वाटेल, पण तो मला गांभीर्याने विचारायचा आहे.

नांदेड, हिंगोली आणि लातूर या तीन मतदारसंघांतून आजवर दोनच स्त्रिया लोकसभेत गेल्या. पहिल्या सूर्यकांता पाटील. 1980 मध्ये हदगावच्या आमदार, मग राज्यसभा, 1991 मध्ये नांदेडमधून लोकसभा, 1998 आणि 2004 मध्ये हिंगोलीतून, आणि शेवटी केंद्रात राज्यमंत्री. दुसऱ्या रूपाताई पाटील निलंगेकर. 2004 मध्ये त्यांनी लातूरमध्ये शिवराज पाटील चाकूरकरांचा पराभव केला, तोही सासरे शिवाजीराव निलंगेकर काँग्रेसमध्ये असताना भाजपच्या उमेदवार म्हणून. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण 2009 पासूनच्या चारही निवडणुकांत या तिन्ही जागांवर पुरुषच निवडून आले.

राज्याचे चित्र पाहिले तर 2024 मध्ये महाराष्ट्राच्या 48 खासदारांत सात स्त्रिया होत्या. सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे आणि वर्षा गायकवाड या नेत्यांच्या मुली, रक्षा खडसे सून, प्रतिभा धानोरकर दिवंगत खासदारांच्या पत्नी. घराण्याचा वारसा असणे हा गुन्हा नाही, आणि यांतल्या अनेकींनी आपले काम स्वतः उभे केले आहे. तरी सातांत पाच हे प्रमाण बोलके आहे. उरलेल्या दोघींपैकी जळगावच्या स्मिता वाघ या लेखाच्या विषयाच्या, म्हणजे विद्यार्थी चळवळीतून संसदेत जाण्याच्या वाटेच्या, सर्वांत जवळच्या. त्या अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कामातून आल्या, जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, विधान परिषदेवर गेल्या. 2019 मध्ये भाजपने त्यांची लोकसभेची उमेदवारी जाहीर केली आणि मग बदलली. 2024 मध्ये त्या निवडून आल्या. त्यांचे पती उदय वाघ पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते, हेही सांगायला हवे. शेजारच्या रावेरमधून रक्षा खडसे 2014 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लोकसभेत पोचल्या. स्मिताताईंना विद्यार्थी चळवळीतून तिथे पोचायला दशके लागली. लागून असलेले दोन मतदारसंघ, एकच पक्ष, आणि दोन वाटांच्या लांबीत एवढा फरक.

ही लांबी नवी नाही. अहिल्याताई रांगणेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना बेचाळीसच्या आंदोलनात उतरल्या आणि येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, आणि लोकसभेत गेल्या त्या 1977 मध्ये. पस्तीस वर्षे! पण त्या पस्तीस वर्षांत मोर्चे होते, गिरणगाव होते, महागाईविरुद्ध लाटणे हातात घेऊन निघालेल्या बायका होत्या. वाट लांब होती, पण पायऱ्या जागेवर होत्या. ममता बॅनर्जी काँग्रेसच्या छात्र परिषदेतून पुढे आल्या आणि 1984 मध्ये जादवपूरला सोमनाथ चॅटर्जींसारख्या नेत्याला हरवून एकोणतिसाव्या वर्षी खासदार झाल्या. चिलीमध्ये कमिला वायेखो 2011 च्या शिक्षण आंदोलनाच्या वेळी विद्यापीठाच्या विद्यार्थी महासंघाची निवडून आलेली अध्यक्ष होती. 2013 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती संसदेत गेली.

'निवडून आलेली' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आपल्याकडची नेमकी ती पायरी निखळली आहे.

1989 मध्ये एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर राज्यातल्या खुल्या निवडणुका बंद पडल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने त्यांच्या जागी गुणवत्तेवर आधारलेली निवड आणली. परीक्षेत पहिला येणारा वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला. तेव्हापासून किनवट-माहूरची अठरा वर्षांची मुलगी देशाचा खासदार निवडू शकते, स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी मात्र नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा मान्य केल्या. 2019 मध्ये त्या होणार होत्या, पण विधानसभा निवडणुकीसाठी पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला आणि विषय मागे पडला.

मराठवाड्याला तर हे विशेष जाचायला हवे. इथले राजकारण विद्यार्थ्यांनी घडवले आहे. 1938 च्या वंदे मातरम् चळवळीत निजामाच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयातून काढून टाकले जाणे पत्करले. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनाचा कणा विद्यार्थीच होते. गोपीनाथ मुंडे आणि प्रमोद महाजन ही अंबाजोगाईतली विद्यार्थी चळवळीची माणसे. मुलांसाठी तेव्हा वाट होती. मुलींसाठी ती नीट रुळायच्या आतच बंद झाली.

निवडणूक माणसाला काय देते? मोठ्या घरातल्या मुलीला उमेदवारीआधीच तीन गोष्टी मिळालेल्या असतात: नाव, माणसे आणि हरण्याची मुभा. शेतकऱ्याच्या मुलीला या तिन्ही कमवाव्या लागतात, आणि त्या कमवायला महाविद्यालयाइतकी स्वस्त जागा दुसरी नाही. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी, वेळेवर न येणाऱ्या गाडीसाठी प्राचार्यांपुढे उभे राहायचे. साठ जणांच्या वर्गात वीस मते घेऊन पडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसायचे. विसाव्या वर्षी झालेला असा पराभव पुढे फार कामाला येतो.

पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेतच, मग वेगळी पायरी कशाला, असे विचारले जाईल. त्या आरक्षणाने पुष्कळ झाले आहे, मी ते कमी लेखत नाही. पण सरपंचपदाचा अर्ज भरताना ती बहुधा कुणाची तरी सून असते आणि निर्णय घरातल्या ओसरीवर झालेला असतो. वर्गात ती कुणाचीच सून नसते. तिथे तिला मत मिळते ते तिच्या बोलण्याला.

हिंसेचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. महाविद्यालयात एकदा चाकू निघाला तर पहिल्यांदा घरी बसवली जाईल ती मुलगीच. आईबापांची ही भीती खरी आहे. लिंगडोह समितीने 2006 मध्ये याचाच विचार करून उमेदवाराचा खर्च पाच हजारांवर बांधला, वयाची अट घातली, छापील पत्रके-फलकांना बंदी केली. उपाय लिहून ठेवलेला आहे. तो न वापरता निवडणूकच बंद ठेवणे म्हणजे अपघात होतात म्हणून एसटीच बंद करण्यासारखे आहे, आणि एसटी बंद झाली की घरी कोण बसते हे माहूरला ठाऊक आहे.

2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत. जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर त्या प्रत्यक्षात येतील. आजच्या हिशेबाने महाराष्ट्रातून सोळा. नांदेड, हिंगोली, लातूर यांपैकी एखादी जागा त्यांत आलीच, तर पक्ष उमेदवार शोधायला कुठे जातील? जिथे नावे तयार आहेत तिथेच, म्हणजे वाड्यांवर. दुसरीकडे कुणी तयार झालेलेच नसेल, तर दोष एकट्या पक्षांना देता येणार नाही.

म्हणून त्या जागा येण्याआधी वर्गातल्या निवडणुका सुरू व्हायला हव्यात, आणि त्या मोठ्या विद्यापीठांच्या आवारापुरत्या नकोत. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ माहूरपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथे झालेली सभा वानोळ्याच्या मुलीसाठी झाली काय आणि न झाली काय. प्रचार, मतदान आणि मोजणी सगळे तालुक्याच्या महाविद्यालयात, तासांच्या वेळेतच उरकले पाहिजे. निकाल काहीही लागो, सिंदखेडकडची संध्याकाळची गाडी तिला मिळाली पाहिजे.