दौलत आणि खासगी

इंदूरच्या होळकरांची वंशावळ कागदावर मांडायला घेतली की रेघ सारखी तुटते. घराण्याचे संस्थापक मल्हारराव 1766 मध्ये गेले. एकुलता मुलगा खंडेराव त्याआधीच, 1754 मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडला होता. नातू मालेराव गादीवर वर्षभरही टिकला नाही. मग फौज ज्यांच्याकडे आली ते तुकोजी मल्हाररावांच्या पोटचे नव्हेत. 1844 मध्ये गादीवर आलेले दुसरे तुकोजीराव तर दत्तक. आपण घराण्यांचा इतिहास बापाकडून मुलाकडे असा वाचतो. तसा वाचला तर इंदूरचं काहीच नीट कळत नाही.

कळायचं असेल तर खासगीकडे वळावं. 1734 मध्ये पहिल्या बाजीरावाने मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली. मोहिमा, चौथाई, शिबंदीचे पगार ही सगळी दौलतीची बाजू. खासगीचा वसूल मात्र घरच्या बाईच्या हाती. सासूनंतर तो सुनेकडे आला आणि सून होती चौंडीच्या पाटलांची लेक, अहिल्याबाई. काशी विश्वनाथ, गयेचं विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं यांचा खर्च या उत्पन्नातून झाला. आपण बाईंना देव्हाऱ्यात बसवलं आणि त्यांची हिशेबाची वही तेवढी विसरलो. दानधर्माचा पैसा वेगळा ठेवायचा, ही भाविकपणापेक्षा कारभाराची समज होती. त्यांच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान दिसतं. जमाखर्च मात्र त्या स्वतः बघत.

बाईच्या हाती सत्ता आली म्हणजे सगळं सुरळीत झालं, असंही नाही. 1817 मध्ये इंग्रजांशी झालेल्या महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, तेव्हा होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच सैन्यातल्या लोकांनी शिप्रेकाठी मारलं. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला, बराच मुलूख गेला आणि राजधानी इंदूरला आली.

दौलतीनेही नंतर काही कमी केलं नाही. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. शेवटच्या यशवंतरावांनी जर्मन वास्तुतज्ज्ञाकडून माणिकबाग बांधून घेतली. त्यांच्या होळकर संघाने रणजी करंडक चारदा जिंकला. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. माणिकबागेत आता सरकारी कचेरी आहे.

खासगीचा मात्र 1962 मध्ये न्यास झाला. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद पेटला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2022 मध्ये हा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो, असा निकाल लागला. गौतमाबाईंच्या नावच्या जहागिरीचा हिशेब अजून तपासला जातो आहे.