तिन्ही चढले का?

बायपासनंतर एक-दोन दिवसांतच हातात प्लॅस्टिकचं एक उपकरण येतं. तीन नळ्या, तीन रंगीत चेंडू. बहुतेक जण आधी त्यात फुंकतात. खरं तर हवा आत ओढायची असते. छातीचं हाड मधोमध कापून पोलादी तारांनी पुन्हा बांधलेलं असतं. ते दुखतं, म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो आणि फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटून राहतात. तिथे कफ साचला की न्यूमोनियाचं भय. खोकायचंही असतंच, छातीशी उशी घट्ट धरून.

भेटायला आलेल्यांना एवढंच कळतं की चेंडू वर गेले पाहिजेत. "तिन्ही चढले का?" मग रुग्णही परीक्षेला बसल्यासारखा एका हिसक्यात तिन्ही उडवतो. नातेवाईक खूश; फिजिओथेरपिस्ट नाही. जोराच्या झटक्याने चेंडू उडतात, पण तळापर्यंत हवा पोचतेच असं नाही. सावकाश ओढून एखादा चेंडू दोन-तीन सेकंद वर धरला, तर ती म्हणते, "छान, काका." काकांना ती स्तुती पटत नाही. आयुष्यभर धावपळ केलेल्या माणसाला आजारपणातही पराक्रम हवा असतो.

घरी आल्यावर कुणीतरी कपालभाती सुचवतंच. हाड सांधायला साधारण दोन-तीन महिने जातात. तोवर पोटाला झटके आणि दम कोंडणं नको. पुढचंही डॉक्टरांना विचारून.

मग करायचं काय? पाठीला उशा लावून टेकायचं, खांदे सैल सोडायचे, पोटावर हात ठेवायचा. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश सोडायचा. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची चेतातंतूंची वाट हृदयाला आवर घालते आणि ठोके किंचित मंदावतात. चक्कर आली तर थांबायचं. पाहणाऱ्याला यात काहीच दिसत नाही, म्हणून कौतुकही होत नाही.

असं सैलावताना कधी डोळे भरून येतात. या शस्त्रक्रियेनंतर विनाकारण रडू येणं पुष्कळांना होतं, पुरुषांनाही. ते बरेच दिवस टिकलं, तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. एरवी घरच्यांनी जवळ बसावं. घाईघाईने टीव्ही लावू नये.