पडद्यावरच्या सहकाऱ्याची हजेरी

भारतातल्या कंपन्यांच्या संचालकांना एक संरक्षण मिळते. त्याच कंपन्यांतल्या साध्या कर्मचाऱ्यांना ते मिळत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने संचालकाला मंडळाच्या बैठकीला व्हिडिओवरून हजर राहण्याची मुभा दिली आणि तो गणपूर्तीत धरला जातो हेही स्पष्ट केले. 2014 साली त्याखाली झालेले नियम मुळातून वाचावेत असे आहेत. बैठक सुरू होताना अध्यक्षांनी हजेरी घ्यायची. दूर असलेल्याने आपले नाव, आपण कुठून बोलतो आहोत आणि विषयपत्रिका व कागदपत्रे हाती आली आहेत, हे सांगायचे. दूर बसलेल्यांना इतर सगळे नीट दिसताहेत, ऐकू येताहेत, हे पाहण्याची जबाबदारी अध्यक्षांची आणि कंपनी सचिवाची. कोणाचे बोलणे मध्येच तुटले, तर अध्यक्षांनी त्याला ते पुन्हा सांगायची विनंती करायची. विषय संपला की निर्णय काय झाला आणि विरोध कोणी केला, हे जाहीर करायचे. इतिवृत्ताचा मसुदा 15 दिवसांत सगळ्यांकडे पोचला पाहिजे आणि त्यावर दुरुस्ती सुचवायला 7 दिवस मिळाले पाहिजेत.

आता त्याच कंपनीची सोमवारची टीम मीटिंग पाहा. हिंजवडीतल्या मीटिंग रूममध्ये आठ जण टेबलाभोवती बसलेले, तिघे भिंतीवरच्या स्क्रीनवर. त्यांतली एक सोलापुरातून बोलते आहे, एक नागपुरातून, एक साताऱ्याजवळच्या गावातून. माइक टेबलाच्या मधोमध असल्याने कडेला बसलेल्यांचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कोणी उठून व्हाइटबोर्डवर आकृती काढतो, ती कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहते. खोलीत एक जण थांबला की दुसरा लगेच बोलू लागतो. स्क्रीनवरच्या माणसाने अनम्यूट करून आवाज पोचेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यांच्यापैकी कोणाचा आवाज तुटला, तर ‘नंतर बोलू’ असे म्हटले जाते आणि ते नंतर येत नाही. मीटिंग संपते, लिंक बंद होते आणि खरी चर्चा चहाच्या टपरीवर सुरू होते. अर्ध्या तासापूर्वी ठरलेले तिथे बदलते. स्क्रीनवरच्या तिघांना ते दुसऱ्या दिवशी, कामाचा भाग काढून घेतला गेल्यावर कळते.

यात कोणाचा दुष्टपणा नसतो, म्हणून हे जास्त काळ चालते. संचालकांच्या बाबतीत ज्या गोष्टी कायद्याने पक्क्या केल्या, त्या टीमच्या बाबतीत मॅनेजरच्या चांगुलपणावर सोडल्या आहेत. चांगुलपणा दमतो, मीटिंगला उशीर झालेला असतो, समोरची आठ माणसे डोळ्यांना दिसत असतात. पडद्यावरची हजेरी खरी मानायची का, हा प्रश्न न्यायव्यवस्थेनेही केव्हाच सोडवला आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओवरून साक्ष नोंदवणे मान्य केले. जिथे माणसाच्या स्वातंत्र्याचा निवाडा होतो तिथे पडद्यावरची हजेरी चालते, मग कामाच्या वाटपात ती अर्धीमुर्धी का मोजायची?

यावर नेहमीचे उत्तर असते की घरून काम करणे त्यांनीच निवडले. निवडले म्हणजे काय, ते जरा पाहू. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, मालकाशी ठरवून घरून काम करण्याची सोय दिली. ती घेणारी बाई सवलत उपभोगत नसते, नोकरी टिकवत असते. वडिलांचे डायलिसिस सांभाळणारा मुलगा, चाकाच्या खुर्चीवरून रोज बस न पकडू शकणारा प्रोग्रामर, हेही याच यादीतले. आणि त्यांच्या खुर्चीचे, विजेचे, कॅबचे पैसे कंपनी वाचवत असतेच.

किंमत मात्र तेच मोजतात. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरवर नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली, पण त्या कामगिरीच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. त्याच कंपनीतल्या 1,612 कर्मचाऱ्यांवरचा नंतरचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या बढत्यांना धक्का लागला नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला एवढे दिसते: तीन दिवस ऑफिसात दिसणारा माणूस नजरेआड होत नाही, जवळजवळ कायम दूर असणारा होतो. म्हणून नियम त्याच्यासाठीच हवेत.

ऑफसाइटची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझे मत कठोर आहे. लोणावळ्याला किंवा अलिबागला दोन दिवस टीम जाते आणि दूरच्यांना लिंक पाठवली जाते. त्यांनी सकाळी तीन तास स्लाइड बघायच्या, मग जेवणाच्या सुट्टीत काळा पडदा. पंगतीला बसवायचे आणि पान मात्र वाढायचे नाही, असा हा प्रकार आहे. समोरासमोर बसण्याला मोल आहे, हे मी नाकारत नाही. ब्रक्स आणि लेव्हाव या संशोधकांनी 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की व्हिडिओवर बसलेल्या जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचतात, कारण नजर पडद्याला खिळते आणि विचारही आखडतो. पण त्याच अभ्यासात, सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्यात व्हिडिओवरचे लोक कमी पडले नाहीत. म्हणजे मोकळ्या गप्पांसाठी माणसे एकत्र आणली आणि निर्णय पडद्यावर घेतले, तर कोणाचे काही बिघडत नाही. आपण नेमके उलटे करतो: गप्पांना दूरच्याला बोलावत नाही आणि निर्णय रिसॉर्टवर उरकतो.

तेव्हा ऑफसाइट करायची तर सगळ्यांना आणावे. तारीख दोन महिने आधी सांगावी, सोलापूरहून येण्याचे भाडे आणि मुक्काम कंपनीने द्यावा, तान्ह्या मुलाबरोबर येणाऱ्या आजीचाही खर्च त्यात धरावा. एवढे करूनही कोणाला जमले नाही, तर त्या दोन दिवसांत कामाचे वाटप, बढती, नवा प्रोजेक्ट यांतले काहीही ठरवू नये. ते टीम परतल्यावर, प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपसमोर बसलेल्या मीटिंगमध्ये ठरावे. हे महाग वाटत असेल तर ऑफसाइट छोटी करावी, माणसे गाळू नयेत.

टीम मीटिंगसाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. संचालक मंडळाचे नियम कंपनी सचिवांच्या टेबलावर आहेतच. टीम लीड मंडळींनी ते मागून घ्यावेत आणि येत्या सोमवारी हजेरीपासून सुरुवात करावी, स्क्रीनवरच्यांची आधी.