एकांताचे अंतर

साधनेसाठी डोंगर आणि गुहा योग्य, ही समजूत भारतातल्या जवळजवळ सर्व धर्मपरंपरांत आढळते. श्वेताश्वतर उपनिषद योगाभ्यासासाठी सपाट, स्वच्छ, खडे-वाळू नसलेली आणि वाऱ्यापासून आडोशाची जागा सुचवते. गीतेचा तेरावा अध्याय ज्ञानाच्या लक्षणांत निर्जन स्थळाची ओढ आणि माणसांच्या गर्दीची नावड या दोन्ही गोष्टी मोजतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तर अशा जागेचे वर्णन इतके रंगते, की तिथे पाखंड्यालाही तप करावेसे वाटेल आणि शृंगारात रमलेल्यालाही राज्य सोडून तिथेच राहण्याची इच्छा होईल. उलट बाजूही तितकीच जुनी आहे. केलेल्या पापाच्या फळापासून लपता येईल अशी जागा डोंगराच्या कपारीतही नाही, असे धम्मपद बजावते. म्हणजे प्रश्न असा: एकांत हा जागेचा गुण आहे की मनाचा? मनाचाच असेल, तर डोंगर चढण्याचे कारण काय? आणि जागेचा असेल, तर त्यात साधकाचे कर्तृत्व ते काय?

या प्रश्नाला ग्रंथांपेक्षा अधिक ठोस उत्तर ठाणे-कल्याण परिसरातल्या दगडात कोरलेले आहे. बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेने, हा विषय सरळ अंतरात मांडला. भिक्षूंचे निवासस्थान गावापासून फार दूर नसावे, फार जवळही नसावे. लोकांना येणे-जाणे सोयीचे असावे, दिवसा गर्दी नसावी, रात्री गलका नसावा. अरण्यवासी भिक्षूसाठी गावापासून ५०० धनुष्ये, म्हणजे साधारण किलोमीटरभर अंतराचा दंडक आहे. ५०० धनुष्ये म्हणजे काही फार नव्हे. सकाळी पात्र घेऊन गावात जावे, भिक्षा घ्यावी आणि ऊन चढण्याआधी परत यावे, एवढाच त्याचा हिशेब. भिक्षूला अन्न शिजवायचे नाही, साठवायचे नाही. म्हणून जगापासून पूर्ण तुटणे त्याला शक्यही नाही आणि त्याच्याकडून अपेक्षितही नाही. एकांत इथे मोजून घेतलेला आहे.

कान्हेरीची जागा याच मोजमापाने निवडलेली दिसते. सोपारा आणि कल्याण या दोन प्राचीन बंदरांच्या मधे, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, शंभराहून अधिक लेणी एका टेकडीत खोदलेली आहेत. येऊरच्या बाजूने या जंगलाला ठाणे शहर भिडले आहे. खोदकामाला इसवी सनाच्या आसपास सुरुवात झाली आणि ते जवळपास हजार वर्षे चालू राहिले. बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याचे टाके आहे, बाहेर बसायला दगडी ओटा आहे आणि पावसाचे पाणी टाक्यात वळवणाऱ्या पन्हळी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरणे थांबवून एका जागी राहावे, या वर्षावासाच्या नियमाला कोकणातला मुसळधार पाऊस चांगलाच जुळला. चार महिने पाणी गोळा करायचे आणि उरलेले आठ महिने ते पुरवायचे. कान्हेरीची पाणीव्यवस्था पाहिल्यावर तिथे जगाकडे पाठ फिरवलेल्या माणसांची वस्ती होती असे वाटत नाही. नीट नियोजन केलेले एक गाव होते असे वाटते.

या गावाचा खर्च कोणी केला, हे शिलालेख सांगतात, आणि त्यांतून कल्याणचे नाव वारंवार येते. पहिल्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण हे बाजारपेठेचे बंदर म्हणून नोंदलेले आहे. तिथल्या राजकीय भांडणामुळे ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे पाठवली जात, असेही तो ग्रंथ सांगतो. या बाजारपेठेतल्या माणसांनी कान्हेरीत दाने दिली. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. एका लोहाराने वाट करून दिली. राजाने मंदिर बांधावे आणि श्रेष्ठीने चैत्य कोरावा, याचे फारसे नवल नाही. पण लोहाराने डोंगरातली वाट दान करावी, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. त्याने भिक्षूंच्या एकांतात भर घातली नाही. तिथपर्यंत पोचणे त्याने सोपे केले, आणि तेच पुण्य मानले. काही दाने अक्षयनीवीची होती: मूळ रक्कम कायम ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंची चीवरे आणि इतर गरजा भागवायच्या. शिलाहार काळापर्यंत, म्हणजे नवव्या शतकातही, अशा ठेवी दिल्या गेल्याच्या नोंदी आहेत.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पश्चिम घाटातली लेणी आणि व्यापारी मार्ग यांचा संबंध दाखवून दिला, त्याला आता साठेक वर्षे झाली. घाट जिथे चढतो, तिथे लेणे दिसते. राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे लेणे उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे, आणि हीच नदी पुढे कल्याणच्या बंदराला पाणी देत होती. कण्ह नावाच्या गुरूच्या शिष्याने ते केले, असा तिथला छोटासा लेख सांगतो. मुरबाडकडून वर चढणाऱ्या नाणेघाटात माथ्यावर कोरलेली गुहा बौद्ध नाही. सातवाहन राणी नागनिकेच्या तिथल्या लेखात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि नाण्यांच्या दक्षिणांची यादी आहे. भिंतीवरच्या राजघराण्यातल्या मूर्ती नष्ट झाल्या. त्यांची नावे आणि पायांच्या खुणा राहिल्या. बाहेरच्या दगडी रांजणात जकात टाकत असत, असे घाटावर सांगितले जाते. म्हणजे यज्ञाची पुण्याई मिरवायलाही राजघराण्याने वर्दळीची जागाच निवडली.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. व्यापाऱ्याच्या ठेवीवर जगणारे वैराग्य हे वैराग्य कसे? भिक्षापात्र हातात असले आणि गावाने रोज नवी भिक्षा दिली, तर अवलंबित्व दिसत राहते. भिक्षूला रोज नम्र व्हावे लागते. ठेवीचे व्याज मिळू लागले, की ते अवलंबित्व डोळ्यांआड होते. कान्हेरीसारख्या मोठ्या विहारांना असा धोका होता, हे मान्य करावे लागते. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र चुकतो. संसारापासून दूर गेलेला माणूस स्वतंत्र होतो, असा दावा विनयाने कधी केलाच नाही. दाता आणि भिक्षू यांच्यात देवाणघेवाण आहे: एकाकडून अन्न-वस्त्र, दुसऱ्याकडून धर्म. भिक्षूने पाळायचे शेकडो नियम या देवाणघेवाणीला चौकट देतात. त्यामुळे एकांताची खरी किंमत किलोमीटरात न मोजता नियमांत मोजावी लागते. जो नियम पाळतो त्याला गावापासून ५०० धनुष्ये पुरतात. जो पाळत नाही त्याला हिमालयही जवळ पडेल.

नाथपंथाने ही परंपरा वेगळ्या वळणाने चालवली. मुरबाड तालुक्यात देहरीजवळ गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळके उभे आहेत. गोरखगडाच्या पोटात एक प्रशस्त गुहा आहे आणि आसपास टाकी आहेत. गोरखनाथांनी इथे साधना केली, अशी श्रद्धा आहे. गुहेसमोर सरळ दरी, म्हणून ध्यानाला जागा उत्तम. पण त्याच भागात म्हशाला पौष पौर्णिमेला जी यात्रा भरते, ती बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. एकीकडे सुळक्यावरची गुहा आणि दुसरीकडे देवापुढचा जनावरांचा बाजार. भाविकाला यात विसंगती वाटत नाही, आणि वाटू नये.

कल्याणजवळच्या मलंगगडावर गर्दी हाच धर्माचा भाग झाला आहे. माघ पौर्णिमेला हजारो माणसे तो चढतात. गडावरचे स्थान मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, असे हिंदू भाविक मानतात; मुस्लीम भाविकांसाठी तो हाजी मलंग यांचा दर्गा आहे. हा वाद अनेक दशके चालू आहे आणि त्याचा निकाल इथे लावण्याचे कारण नाही. एवढे नोंदवणे पुरे, की तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकांत नको असतो. त्यांना नवस फेडायचा असतो, दमून वर पोचायचे असते आणि इतरांबरोबर पोचायचे असते. चढण इथे साधना आहे, निर्जनता नाही. लोनाडच्या बौद्ध लेण्यात आज खंडेश्वरी देवीची पूजा होते, तीही याच धर्तीची: लेणे कोणाचे होते यापेक्षा आज तिथे दिवा कोण लावतो, हे गावाला महत्त्वाचे वाटते.

एकोणिसाव्या शतकात डोंगराकडे पाहण्याची एक नवी रीत आली. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या पठारावर चढले आणि काही वर्षांत तिथे उन्हाळी गाव उभे राहिले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. इथे हेतू मोक्षाचा नव्हता. थंड हवा, सावली आणि शहरापासून सुटका हा होता. तरी माथेरानने एक नियम पाळला, जो कुठल्याही मठाला शोभेल: मोटारींना बंदी. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे चालत किंवा घोड्यावरून जाता येते. सुमारे ८०० मीटर उंचीवरची शांतता या एका बंदीमुळे टिकली. मात्र पाहुण्यांना ही शांतता मिळावी म्हणून कितीतरी वर्षे माणसांनी माणसांना हातरिक्षांतून ओढले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बंद करण्याचा आदेश दिला. एकाच्या एकांताचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, हा जुना प्रश्न माथेरानला अगदी शब्दशः लागू होता. भिक्षूने तो भार निदान मान्य केला होता आणि बदल्यात काही देणे लागतो असे समजले होते. पर्यटक पैसे देतो आणि हिशेब मिटला असे समजतो. माथेरानच्या मूळच्या धनगर, ठाकर आणि कातकरी वस्त्यांचे ग्रामदैवत पिसारनाथ शार्लट तलावाजवळ आहे. पाहुणे तलाव पाहतात आणि देवळाला जाता-जाता हात जोडतात.

आज डोंबिवली, कल्याण, ठाण्याहून रविवारी पहिल्या लोकलने कर्जत-कसाऱ्याकडे निघणारे गट तीर्थयात्री आहेत की सहलीला आलेले, असा वाद अधूनमधून घातला जातो. तो फारसा फलदायी नाही. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरी पाहून गेली आणि पहलवी लिपीत आपली नावे तिथे कोरून गेली. त्यांचा तो धर्म नव्हता. ती पाहायला आली होती. म्हणजे पाहुणा ही जात आजची नाही. फरक श्रद्धेत शोधण्यापेक्षा बांधिलकीत शोधावा. भिक्षूला विनय बांधत होता, वारकऱ्याला व्रत बांधते, म्हशाच्या यात्रेकरूला नवस बांधतो. ट्रेकरला बांधणारे असे काही आहे का, हाच खरा धार्मिक प्रश्न आहे. डोंगर त्याला शांत करत असेल, तर त्याबद्दल तो कोणाचे काय देणे लागतो?

या प्रश्नाचे उत्तर देव मानण्यावर अवलंबून नाही. पावसाळ्यात गोरखगडाच्या गुहेत मुक्काम करणाऱ्या गटांनी खालच्या गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्यावे, त्याच्या घरी पैसे देऊन जेवावे, आपला कचरा परत खाली आणावा आणि लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत. हजार वर्षांपूर्वीचे कोरीव नाव आज इतिहास म्हणून वाचले जाते, पण या सबबीवर आजच्या खिळ्याला सूट मिळत नाही. आणि टाक्यातले पाणी पिण्यासाठी आहे. त्यात हातपाय धुऊ नयेत, भांडी तर मुळीच घासू नयेत.